गॉब्लिन नावाचे एक इंजिन

सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना घड्याळाची फारशी गरज पडली नाही. पाळीचा भोंगा होता. गळिताचा हंगाम सुरू असला की रात्रभर पॉवर हाऊसमधील टर्बाईनचा एकच बारीक सूर वसाहतीवर पसरून राहिलेला असे. तो आपल्याला ऐकू येत होता, हे तो थांबल्यावरच कळे. आमचे मामा त्या टर्बाईनवर कामाला होते. त्याआधीची पंधरा वर्षे ते भारतीय हवाई दलात इंजिन फिटर होते. त्यातली शेवटची काही पुण्याजवळ लोहगावला. या लेखाचा विषय एक जेट इंजिन आहे, आणि त्याची ओळख आम्हाला पुस्तकातून झाली नाही, मामांकडून झाली, म्हणून एवढे सांगणे भाग पडले. इंजिनाचे नाव गॉब्लिन. गॉब्लिन म्हणजे आपल्याकडचा मुंजा किंवा खवीस म्हणावा. ज्या विमानात ते बसवले त्याचे नाव व्हॅम्पायर, आणि त्यानंतरच्या इंजिनाचे नाव घोस्ट. डी हॅविलंड कंपनीतील मंडळींना भुताखेतांचा नाद होता असे दिसते. मामा मात्र इंजिनाचा उल्लेख नेहमी 'गॉब्लिनबाई' असा करीत.

जेट इंजिन समजावून सांगण्याची मामांची पद्धत आम्हाला पुढे वाचलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा सरस वाटते. लोहाराची भट्टी घ्या, ते म्हणत. भात्याने वारा घातला की निखारा फुलतो. पण भाता ओढायला एक माणूस लागतो. आता असे समजा, की भट्टीतून जो तापलेला वारा बाहेर पडतो त्याच्या वाटेत एक पंखा ठेवला, तो पंखा त्या वाऱ्याने फिरला आणि त्याच्याच दांड्यावर भाता जोडला. माणूस गेला. भट्टी स्वतःचा भाता स्वतः ओढू लागली. पंख्याला फिरवूनही जो वारा उरला, तो मागे सुटला आणि भट्टीच पुढे ढकलली गेली. झाले इंजिन.

आणि हे पटत नसेल तर कारखान्याकडे पाहा, असे ते वर सांगत. उसाचा रस काढल्यावर जो बगॅस उरतो तोच बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ टर्बाईन फिरवते, त्यावर कारखाना चालतो, कारखाना चालला की ऊस गाळला जातो आणि पुन्हा बगॅस निघतो. एकदा चाक फिरले की ते आपल्याच जळणावर फिरत राहते. पहिली ऊब मात्र बाहेरून द्यावी लागते. हंगामाच्या आरंभी बॉयलर पेटवायला जळण आणावे लागते, तसे गॉब्लिनलाही विजेच्या मोटारीने आधी गरगरवावे लागे.

ऐकायला हे इतके सोपे आहे, की माणसाला ते आधी का सुचले नाही असा प्रश्न पडावा. सुचले होते. अडचण हिशेबाची होती. भाता चालवण्यातच भट्टीची सारी शक्ती खर्च होई आणि हाती काही उरत नसे. १९०३ मध्ये नॉर्वेच्या एजिडिउस एलिंग याने असे यंत्र प्रथमच चालवून दाखवले ज्यातून खर्च वजा जाता काही शिल्लक राहिले. ती शिल्लक होती ११ अश्वशक्तीची. तेवढ्यावर विमान उडत नाही. शिल्लक वाढवायची तर भाता अधिक कार्यक्षम हवा आणि भट्टी अधिक तापलेली हवी. भट्टी तापवली, तर त्या पंख्याच्या पात्यांचे काय? लाल होईपर्यंत तापलेल्या अवस्थेत, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरत, आपल्याच वजनाने लांब ओढली जाणारी ती पाती तासन् तास टिकली पाहिजेत. जेट इंजिनाचा इतिहास हा बराचसा या पात्यांचा इतिहास आहे. शोधाच्या कथा सांगणारे लेखक तो दोन ओळींत उरकतात, कारण धातूशास्त्रात नाट्य नसते.

नाट्य पहिलेपणात असते. फ्रँक व्हिटल हा ब्रिटिश हवाई दलात मुळात शिकाऊ कारागीर म्हणून शिरलेला मुलगा. मामांना त्याच्याविषयी विशेष ममत्व होते ते यामुळेच. जानेवारी १९३० मध्ये त्याने पेटंटासाठी अर्ज केला. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरायला ना त्याच्याजवळ पैसे होते, ना सरकारची तयारी होती, आणि पेटंट संपले. १२ एप्रिल १९३७ रोजी त्याचे इंजिन प्रथम जमिनीवर चालले. तिकडे जर्मनीत हान्स फोन ओहाइनने स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती, आणि त्याच्या इंजिनावरचे हाइंकेल विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे महायुद्धाला पाच दिवस असताना, उडालेसुद्धा. व्हिटलचे इंजिन घेऊन ग्लॉस्टरचे विमान उडायला १५ मे १९४१ उजाडले. यांपैकी पहिला कोण, हा वाद अद्याप चालू असतो.

पहिलेपणाच्या या हव्यासाबद्दल दुसऱ्यांना हसण्याचा अधिकार आपणा मराठी माणसांना मुळीच नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपण शंभर वर्षे सांगत आलो. ज्या ग्रंथाचा तिच्याशी संबंध जोडला जातो, त्यातील विमाने उडण्याच्या लायकीची नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला होता. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. तळपदे यांच्या खटपटीबद्दल आम्हाला आदर आहे. पण मराठी मुलखाच्या आकाशात जेट इंजिने खरोखर गर्जत होती, त्यांना तेल घालणारी, त्यांच्या ज्वलनकक्षांतील भेगा शोधणारी मराठी माणसे होती, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे चार पाने लिहिलेली आढळत नाहीत, याचे मात्र आश्चर्य वाटते.

असो. गॉब्लिनकडे वळू.

व्हिटलची कल्पना डी हॅविलंडमध्ये फ्रँक हाफर्ड या अनुभवी इंजिनरचनाकाराच्या हाती आली तेव्हा त्याने तिच्यात भर घातली नाही, काढून टाकले. व्हिटलच्या इंजिनात हवा एकदा मागे, एकदा पुढे अशी वळणे घेत असे. हाफर्डने ज्वलनकक्ष सरळ केले. सोळा नळ्या गोलाकार मांडलेल्या, पुढे एकच मोठे चाक आणि मागे टर्बाईनचे एकच चक्र. पुढचे चाक सुमारे ऐंशी सेंटिमीटर व्यासाचे. ते मिनिटाला दहा हजार फेऱ्यांनी फिरे, मध्यभागी आत आलेली हवा परिघाकडे भिरकावी आणि तिला दाबून नळ्यांत सारी. साखर पाहिलेल्या माणसाला हे चाक वेगळे समजावे लागत नाही. कारखान्यातील सेंट्रिफ्युगल यंत्रात हेच घडते. फक्त तिथे बाहेर भिरकावली जाते ती मळी आणि जाळीवर राहते ती साखर. आम्ही मामांना विचारले होते, की मग गॉब्लिनमध्ये साखर कुठे असते. ते म्हणाले, 'अरे, मागं जी धडाधड आग सुटती, तीच साखर.'

गॉब्लिन प्रथम चालले एप्रिल १९४२ मध्ये. ५ मार्च १९४३ रोजी ग्लॉस्टर मीटिअर हे विमान पहिल्यांदा उडाले ते याच इंजिनांच्या जोडीवर, कारण त्याची ठरलेली इंजिने तयार नव्हती. त्याच वर्षी २० सप्टेंबरला व्हॅम्पायर उडाले. आणि ८ जानेवारी १९४४ रोजी अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे पी-८० हे जेट लढाऊ विमानही गॉब्लिनवरच उडाले. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेला धाडलेले इंजिन जमिनीवरील चाचणीतच निकामी झाले, कारण विमानातील हवा घेण्याचे मार्ग आतल्या ओढीने चेपले गेले. दुसरे इंजिन शिल्लक नव्हते. तेव्हा डी हॅविलंडने आपल्या दुसऱ्या व्हॅम्पायरसाठी राखलेले इंजिन काढून दिले. स्वतःचे विमान जमिनीवर ठेवून दुसऱ्याचे उडवले. तीन निरनिराळ्या विमानांचा आरंभ एकाच इंजिनाने केला आणि त्या तिन्हींच्या कथांत ते एका ओळीचे मानकरी झाले.

युद्धात प्रत्यक्ष लढण्याचे भाग्य, किंवा दुर्भाग्य, गॉब्लिनच्या वाट्याला आले नाही; व्हॅम्पायर ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले तेच १९४६ मध्ये. युद्धात मोठ्या संख्येने लढलेले जेट इंजिन म्हणजे जर्मनीचे युमो ००४. आन्सेल्म फ्रान्ट्सने त्यात एका मोठ्या चाकाऐवजी एकामागे एक आठ पंखे लावले, त्यामुळे इंजिन सडपातळ झाले आणि पुढे सर्व जगाने तीच रचना स्वीकारली. पण निकेल आणि क्रोमियम यांचा जर्मनीत दुष्काळ होता. साध्या पोलादावर अॅल्युमिनियमचा मुलामा देऊन, पाती पोकळ करून आत थंड हवा खेळवून, कसेबसे ते चालवले जाई. दहा ते पंचवीस तास चालले की इंजिन उतरवायचे. नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातील बोगद्यांत छळछावणीच्या कैद्यांकडून ती करून घेतली जात. विमानप्रेमी मंडळी या इंजिनाचे गुणगान करतात तेव्हा ही बाब क्वचितच निघते. ब्रिटनकडे रचना जुनी होती पण निमोनिक नावाचा, निकेल-क्रोमियमचा, तापात न वितळता न ताणता टिकणारा मिश्रधातू होता. मामांचे मत स्पष्ट होते: जर्मन इंजिन हुशार होते आणि इंग्रजी इंजिन टिकाऊ होते, आणि रात्रपाळीला फिटरला कोणते हवे असते ते विचारू नये.

भारतात पहिली व्हॅम्पायर विमाने आली १९४८ मध्ये. पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांची परवान्याने बांधणी होऊ लागली. विमानाचा मधला भाग लाकडी. बाल्सा आणि प्लायवूड यांचे थर चिकटवून केलेला. इंजिन मात्र उत्तम धातूचे. 'सुताराच्या पेटीत सोनाराचं काम,' असे मामा म्हणत. लोहगावच्या धावपट्टीवरून उडालेली ही विमाने नीरेच्या खोऱ्यावरून जात तेव्हा वसाहतीतील पोरे गच्चीवर धावत. आवाज येई त्या दिशेला पाहायचे नाही, त्याच्या पुढे पाहायचे, हे आम्हाला फार लवकर समजले होते. दोन शेपट्या असलेले ते विमान एकदा दिसले की दिवस सार्थकी लागे.

आता १९६५. १ सप्टेंबर रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमधून अखनूरच्या रोखाने निघाले. दुपारी हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. कृष्णाकाठच्या या माणसाने काही मिनिटांत हवाई दल वापरण्याची परवानगी दिली. भूदल संकटात होते. त्या क्षणी दुसरा निर्णय शक्य होता असे आम्हाला वाटत नाही. उजेड संपत आलेला. पठाणकोटला जी विमाने सज्ज होती त्यांत ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हॅम्पायर होती, आणि हे स्क्वाड्रन थोड्याच दिवसांपूर्वी पुण्याहून तिकडे गेलेले होते. चार-चारच्या तुकड्यांनी ती उडाली. वर सेबर विमाने आली. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. तीन वैमानिक मृत्यू पावले, एक छत्रीच्या साहाय्याने वाचला. एका आसनाच्या व्हॅम्पायरला वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन नसे. ज्याला सुटायचे त्याने स्वतःच्या बळावर बाहेर पडायचे. या हल्ल्याने शत्रूची आगेकूच किती मंदावली आणि धुरळ्यात आपल्याच सैन्यावर किती मारा झाला, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. व्हॅम्पायर त्यानंतर पहिल्या फळीतून काढून घेण्यात आली.

युद्धावरील पुस्तकांतून या प्रसंगी व्हॅम्पायरला 'कालबाह्य' हे एक विशेषण लावून पुढे जाण्याची प्रथा आहे. शब्द चूक नाही. २० सप्टेंबर १९४३ ते १ सप्टेंबर १९६५, म्हणजे बावीस वर्षांना एकोणीस दिवस कमी. गॉब्लिनचा जोर साडेतीन हजार पौंडांच्या आत, सेबरच्या इंजिनाचा सहा हजारांच्या आसपास. मागे वळलेल्या पंखांचे सेबर आकाशात त्याच्याभोवती हवे तसे फिरू शकत होते. पण 'कालबाह्य' म्हटले की दोष यंत्राकडे जातो. इंजिनाने त्या संध्याकाळी त्याच्याकडून जेवढे मागितले तेवढे दिले होते. त्याच्याकडून काय मागावे हे ठरवणे इंजिनाच्या हाती नसते.

मामा तेव्हा लोहगावलाच मागे राहिले होते. त्यांना त्या दिवसाविषयी आम्ही आयुष्यात दोनदा विचारले. पहिल्या वेळी आम्ही बारा वर्षांचे होतो आणि कोणी किती सेबर पाडली एवढेच आम्हाला हवे होते. ते उठून पाणी प्यायला गेले. दुसऱ्या वेळी आम्ही चाळिशीत होतो आणि काही वाचून आलो होतो. आपण हात लावलेली इंजिने कोणत्या विमानांत होती हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते त्यांनी सांगितले नाही. 'इंजिन बंद पडल्याचा रिपोर्ट नव्हता,' एवढेच म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी पुन्हा एकदा उच्चारले.

फिटरच्या दृष्टीने या वाक्यात केवढा अर्थ आहे, हे आम्हाला तेव्हा जाणवले नव्हते.

धडा आपण घेतला का? मारुत विमान कुर्ट टांक या जर्मन रचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरात तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. सुरेख विमान. ज्या इंजिनासाठी ते आखले होते त्याच्या विकासाचा खर्च उचलायला कोणी पुढे झाले नाही, म्हणून त्याला जन्मभर ऑर्फियसची दुबळी जोडी वागवावी लागली. इजिप्तच्या इंजिनावर एक मारुत १९६७ मध्ये हेलवानला उडवून पाहिले. तेही पुढे सरकले नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत ठेवले आहे, मुले त्याच्या पंखाखाली डबे खातात. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी उडाले ते अमेरिकी इंजिनावर. कावेरी इंजिनाची कहाणी १९८० च्या दशकात सुरू झाली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे काढले गेले. विमानाचा आकार आपल्याला जमतो. तापलेल्या पात्यापाशी येऊन आपण थांबतो. याला अमुक एक सरकार किंवा अमुक एक शास्त्रज्ञ जबाबदार धरणे आम्हाला पटत नाही. उत्तम मिश्रधातू पिढ्यान्‌ पिढ्यांच्या ओतशाळांतून येतो, त्याला उद्घाटनाची तारीख नसते, म्हणून त्याच्यावर खर्च करण्याची घाईही कोणाला नसते.

गॉब्लिनची एक चाकी रचना लढाऊ विमानांतून केव्हाच गेली. लहान यंत्रांतून मात्र ती गेली नाही. हंगामात कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या मालमोटारींची रांग लागते. त्यांतील बहुतेकांच्या डिझेल इंजिनावर टर्बोचार्जर असतो, आणि तो उघडला तर आत मुठीएवढे चाक सापडते. मध्यातून हवा घेणारे, परिघाकडे भिरकावणारे, मागे धुराच्या झोताने फिरणाऱ्या टर्बाईनला एकाच दांड्याने जोडलेले. काही वर्षांपूर्वी नीरा रस्त्यावरील एका गॅरेजात आम्ही असे एक चाक हातात घेऊन उभे होतो, आणि मिस्त्री आमच्याकडे संशयाने पाहत होता.

हंगामाच्या अखेरीस टर्बाईन बंद करीत तेव्हा मामा हातात घड्याळ घेऊन तिच्याशेजारी उभे राहत. वाफ तोडल्यापासून दांडा पूर्ण थांबेपर्यंत किती वेळ गेला, ते मोजत आणि खिशातल्या वहीत टिपत. गॉब्लिन बंद करताना हीच सवय होती, असे त्यांनी सांगितले होते. यंत्र नेहमीपेक्षा लवकर थांबले तर आत कुठेतरी घासते आहे असे समजावे. कारखान्यात हे कोणी त्यांच्याकडून मागितलेले नव्हते.

त्यांच्यामागे ती वही आमच्याकडे आली. शेवटची वीसेक पाने कारखान्याच्या हंगामांची आहेत: तारीख, मिनिटे, सेकंद, क्वचित 'पुढचे बेअरिंग बघणे' अशी टीप. आधीची पाने लोहगावची. तिथे तारीख, इंजिनाचा क्रमांक आणि सेकंद, निळ्या शाईत, एका खाली एक. ऑगस्ट १९६५ च्या पानावर नऊ नोंदी आहेत. नवही इंजिनांना थांबायला जेवढा वेळ लागायला हवा, तेवढा लागलेला आहे.